‘एलस्ट्रिप’ नेमके काय काढते? पायथनच्या एका नोंदीच्या शब्दांकनाचे प्रकरण

एका मजकूर फाइलमधल्या ओळी वाचायच्या आहेत. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘नाव: ’ आहे आणि पुढे माणसाचे नाव. पुढचा भाग तेवढा हवा, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली ‘एलस्ट्रिप’ ही मेथड (स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, सुरुवातीचे कॅरॅक्टर काढणारी क्रिया) वापरून तिला ‘नाव: ’ हे आर्ग्युमेंट, म्हणजे काय काढायचे ते, दिले. मेथडांची नावे या लेखात उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. अवतरणांतल्या मराठी स्ट्रिंग मात्र जशाच्या तशा चालवून पाहता येतात.

'नाव: गणेश'.एलस्ट्रिप('नाव: ')  →  'गणेश'
'नाव: सविता'.एलस्ट्रिप('नाव: ')  →  'सविता'
'नाव: वामन'.एलस्ट्रिप('नाव: ')  →  'मन'
'नाव: नाना'.एलस्ट्रिप('नाव: ')  →  ''

गणेश आणि सविता बरोबर आले. वामनचा ‘मन’ झाला आणि नाना पूर्ण पुसले गेले. एरर आली नाही, कसला इशाराही मिळाला नाही. चाचणीच्या नमुन्यात फक्त गणेश आणि सविता असतील तर सगळ्या चाचण्या पास होतात आणि कोड पुढे जातो.

मेथड तिच्या नियमाप्रमाणेच वागली आहे. आर्ग्युमेंटमधले न, काना, व, अपूर्णविराम आणि स्पेस हे पाच कॅरॅक्टर तिने एक संच म्हणून घेतले. मग ओळीच्या सुरुवातीपासून एकेक कॅरॅक्टर पाहत, तो संचात असेल तोवर काढत गेली. ‘वामन’मधला व संचात आहे, काना संचात आहे, म संचात नाही; म्हणून ती म पाशी थांबली. ‘नाना’मध्ये थांबण्यासारखे काहीच नव्हते.

ही गफलत जुनी आणि सार्वत्रिक आहे. २०२० च्या पेप ६१६ या पायथन-सुधारणेच्या प्रस्तावाच्या कारणमीमांसेतच ती नोंदवलेली आहे: वापरणाऱ्यांना ठरावीक तुकडा काढायचा असतो आणि आर्ग्युमेंट हा कॅरॅक्टरचा संच मानला जातो हे पाहून ते चकित होतात. त्या प्रस्तावातून सुरुवातीचा ठरावीक तुकडा (प्रिफिक्स) काढणारी ‘रिमूव्हप्रिफिक्स’ आणि शेवटचा (सफिक्स) काढणारी ‘रिमूव्हसफिक्स’ या दोन मेथड पायथन ३.९ मध्ये, ऑक्टोबर २०२० मध्ये आल्या. प्रश्नाची कोडची बाजू तिथे मिटली. इथे विषय आहे तो मजकुराचा. डॉक्युमेंटेशनमध्ये ‘संच’ असे लिहिलेले होते, ‘हा प्रिफिक्स नाही’ असेही लिहिलेले होते, तरी वाचणारे चुकत राहिले. मजकूर खोटा नसूनही कामाचा का ठरला नाही, आणि तो कसा लिहिला तर ठरेल?

मजकूर काय सांगतो

स्टँडर्ड लायब्ररीच्या संदर्भ-पुस्तिकेत अंगभूत प्रकारांचे एक लांबलचक पान आहे. सोर्समध्ये त्याची फाइल ‘डॉक’ फोल्डरच्या ‘लायब्ररी’ उपफोल्डरमध्ये, ‘एसटीडीटाइप्स डॉट आरएसटी’ या नावाने आहे. ३.९ पासूनच्या मजकुरात ‘एलस्ट्रिप’च्या नोंदीचा आशय मराठीत असा:

सुरुवातीचे कॅरॅक्टर काढलेली स्ट्रिंगची प्रत परत देते. चार्स हे आर्ग्युमेंट म्हणजे काढायच्या कॅरॅक्टरचा संच सांगणारी स्ट्रिंग. ते दिले नाही किंवा नन (‘काही नाही’ दर्शवणारे मूल्य) दिले तर व्हाइटस्पेस (स्पेस, टॅब वगैरे) काढली जाते. चार्स हा प्रिफिक्स नाही. त्याऐवजी त्याच्या मूल्यांची सर्व संयोजने काढली जातात.

खाली दोन उदाहरणे, आणि शेवटी ‘रिमूव्हप्रिफिक्स’कडे बोट दाखवणारे वाक्य व त्याचे उदाहरण.

पहिला दोष शेवटच्या वाक्यात आहे. ‘सर्व संयोजने’ म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जोड्या, तुकडे, क्रमबदल येतात. ‘अब’ दिले तर ‘अब’ आणि ‘बअ’ दोन्ही निघतील, इतपत तो समजतो. पण ‘अअअब’ निघेल का, एकटा ‘ब’ निघेल का, हे त्या शब्दांवरून ठरवता येत नाही. प्रत्यक्ष अंमलबजावणीत संयोजन कुठेच होत नाही. एक कॅरॅक्टर घ्यायचा, तो संचात आहे का पाहायचे, एवढेच काम. साध्या क्रियेचे वर्णन तिच्या परिणामावरून केले आणि परिणामासाठी गणितातला जड शब्द घेतला, तिथे घोळ झाला.

दुसरा दोष जास्त महत्त्वाचा आहे: थांबण्याचा नियम या नोंदीत नाही. तो शेजारच्या ‘स्ट्रिप’च्या नोंदीत आहे. संचात नसलेला कॅरॅक्टर येईपर्यंत सुरुवातीचे कॅरॅक्टर काढले जातात आणि शेवटच्या बाजूलाही तसेच होते, असे तिथे नीट लिहिलेले आहे. सोबत ‘#’ आणि टिंबांनी वेढलेल्या शीर्षकाचे चांगले उदाहरण आहे. म्हणजे ‘एलस्ट्रिप’, शेवटून काढणारी ‘आरस्ट्रिप’ आणि दोन्ही बाजूंनी काढणारी ‘स्ट्रिप’ या तिन्ही मेथडांचा खरा नियम तीनपैकी एकाच नोंदीत, आणि तिथेही पहिल्या उदाहरणांनंतर. संदर्भ-पुस्तिका कुणी वरून खाली वाचत नाही. शोधातून थेट ‘एलस्ट्रिप’वर उतरणारा माणूस वर्णानुक्रमाने बराच खाली असलेल्या ‘स्ट्रिप’पर्यंत जाण्याचे कारणच नाही. संदर्भाच्या मजकुरात प्रत्येक नोंद स्वतःच्या पायावर उभी हवी. पुनरुक्ती टाळण्याच्या नादात अर्थ ठरवणारे वाक्यच एका नोंदीतून गळले तर ती काटकसर महाग पडते.

तिसरी अडचण या पानावर नाहीच. बहुतेक जण हे पान उघडत नाहीत. एडिटरमध्ये नावावर कर्सर नेल्यावर जे दिसते किंवा ‘हेल्प’ने जे छापले जाते, तेवढेच वाचतात. तो मजकूर वेगळा आहे, पायथनच्या सी भाषेतल्या सोर्समधल्या डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे मेथडला जोडलेल्या छोट्या वर्णनातून, येतो, आणि त्यात दोनच वाक्ये आहेत: सुरुवातीची व्हाइटस्पेस काढलेली प्रत परत द्या, चार्स दिले असेल आणि नन नसेल तर त्याऐवजी चार्समधले कॅरॅक्टर काढा. ‘नाव: ’ काढू पाहणाऱ्याला हे वाचून आपण बरोबर वाटेवर आहोत असेच वाटते. ‘चार्समधले कॅरॅक्टर काढा’ हे दोन्ही समजुतींना बसते.

आर्ग्युमेंटचे नाव तरी इशारा देते का? ‘चार्स’ म्हणजे कॅरॅक्टर, अनेकवचनी. पण हे आर्ग्युमेंट फक्त स्थानावरून देता येते. ‘हेल्प’मध्ये दिसणाऱ्या सिग्नेचरच्या शेवटी जी तिरकी रेघ असते तिचा अर्थ तोच. नावानिशी दिले तर टाइपएरर ही एरर येते. त्यामुळे कोड लिहिताना ते नाव कधी टाइप होत नाही आणि दुसऱ्याचा कोड वाचताना दिसतही नाही. गो भाषेच्या लायब्ररीत याच कामाच्या ‘ट्रिमलेफ्ट’ फंक्शनच्या पॅरामीटरचे नाव ‘कटसेट’ आहे, आणि प्रिफिक्स काढायचा असेल तर ‘ट्रिमप्रिफिक्स’ वापरा हे डॉक्युमेंटेशनच्या छोट्या मजकुरातच सांगितलेले आहे. पायथनमध्ये मेथडचे नाव बदलणे शक्य नाही, त्यामुळे सगळा भार वाक्यांवर येतो.

नियम असा का आहे

शब्दांकन सुधारण्याआधी नियमामागचे कारण पाहिले तर नव्या वाक्यांचा क्रम आपोआप सापडतो. ‘स्ट्रिप’ कुटुंबातल्या मेथडांना आर्ग्युमेंट देण्याची सोय पायथन २.२.२ मध्ये, २००२ साली आली. त्याआधी त्या फक्त व्हाइटस्पेस काढत. आता व्हाइटस्पेस म्हणजे काय? स्पेस, टॅब, नवी ओळ वगैरे कॅरॅक्टरचा संचच. आर्ग्युमेंटशिवाय ‘स्ट्रिप’ वापरताना कुणालाही असे वाटत नाही की आधी स्पेस, मग टॅब, मग नवी ओळ असा ठरावीक तुकडा सापडला तरच तो निघेल. कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा आलेली व्हाइटस्पेस निघते, हे सगळ्यांना सवयीने माहीत असते. चार्स दिल्यावर फक्त संच बदलतो. क्रिया तीच राहते.

म्हणून नवी नोंद व्हाइटस्पेसपासून सुरू करायला हवी. जुन्या मजकुरात आर्ग्युमेंट आधी आणि व्हाइटस्पेस नंतर, एक अपवाद असल्यासारखी येते. हा क्रम उलटा केला की वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेल्या वागणुकीच्या आधारावर नवे सांगता येते.

२००२ ते २०२० या अठरा वर्षांत प्रिफिक्स काढण्याची थेट मेथड नव्हती, हेही मजकुराच्या अपयशाचे एक कारण आहे. ‘हा प्रिफिक्स नाही’ असे सांगून वाक्य संपायचे. मग प्रिफिक्स काढायचा कसा, याला त्या नोंदीत उत्तर नव्हते. ‘स्टार्ट्सविथ’ने तपासायचे आणि लांबी मोजून स्लाइस करायचे, हे ज्याचे त्याने शोधायचे. नकार देणाऱ्या वाक्याला लगेच पर्याय जोडलेला नसेल तर घाईतला माणूस त्याला ओलांडून पुढे जातो.

नवा मजकूर

सुधारित नोंदीचा मसुदा, मराठीत:

सुरुवातीची व्हाइटस्पेस काढलेली स्ट्रिंगची प्रत परत देते. चार्स दिले तर व्हाइटस्पेसऐवजी चार्समधले कॅरॅक्टर काढले जातात. सुरुवातीपासून एकेक कॅरॅक्टर पाहिला जातो. तो चार्समध्ये कुठेही असेल तर काढला जातो, आणि चार्समध्ये नसलेला पहिला कॅरॅक्टर आला की काढणे थांबते. चार्समधल्या कॅरॅक्टरचा क्रम आणि पुनरावृत्ती यांनी फरक पडत नाही. नन देणे म्हणजे काहीच न देणे. रिकामी स्ट्रिंग दिली तर काहीही काढले जात नाही. ठरावीक प्रिफिक्स एकदाच काढायचा असेल तर ‘रिमूव्हप्रिफिक्स’ वापरा.

‘प्रत परत देते’ हे शब्द मुद्दाम ठेवले आहेत. स्ट्रिंग बदलता येत नाही हे नवख्याला ठाऊक नसते. मेथड चालवून तिचा निकाल कुठल्याच व्हेरिएबलमध्ये न ठेवणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. काढण्यासारखे काही नसेल तेव्हा सीपायथन (पायथनची नेहमीची, सी भाषेतली अंमलबजावणी) तीच मूळ वस्तू परत देऊ शकते, म्हणून ‘प्रत’ हा शब्द काटेकोर नाही असा आक्षेप येऊ शकतो. पण तो अंमलबजावणीचा तपशील आहे आणि त्यावर कुणी विसंबू नये, म्हणून तो लिहू नये.

‘कुठेही’ हा एक शब्द ‘संच’ या कल्पनेचे काम करतो. संच ही कल्पना प्रोग्रामरला परकी नाही, पण पायथनमध्ये ‘सेट’ नावाचा स्वतंत्र प्रकार आहे. ‘चार्स हा संच आहे’ असे वाचून कुणी खरा सेट देऊन पाहतो आणि टाइपएरर घेतो. क्रिया सांगितली की ती शंका उरत नाही.

क्रम आणि पुनरावृत्तीचे वाक्य आधीच्या वाक्यातून निघतेच, मग ते कशाला? कारण वाचणारा नेमकी चुकीची समजूत घेऊनच या पानावर आलेला असतो. पायथनच्या लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेत दोन सूचना आहेत: भाषा काय करते ते होकारार्थी सांगा, आणि थोडक्यात सांगा. दोन्ही योग्य आहेत. ‘क्रमाने फरक पडत नाही’ हे वाक्य दिसायला नकारार्थी असले तरी वागणुकीचेच विधान आहे. उलट ‘सावधान, ही मेथड फसवी आहे’ अशी पिवळी चौकट घालणे त्या मार्गदर्शिकेला धरून नाही, आणि उपयोगाचेही नाही. चौकट लक्ष वेधते, पण नियम शिकवत नाही. शिवाय अशा चौकटी एका पानावर पाच-सहा झाल्या की डोळे त्यांना वगळायला शिकतात.

रिकाम्या स्ट्रिंगचे वाक्य अनेकांना फाजील वाटेल. पण चार्स जेव्हा सेटिंग फाइलमधून किंवा दुसऱ्या फंक्शनकडून येते तेव्हा ते रिकामे असू शकते. नन आणि रिकामी स्ट्रिंग दोन्ही ‘काही नाही’ यातच मोडतात असे धरून लिहिलेला कोड व्हाइटस्पेस निघण्याची वाट पाहतो आणि ती जागीच राहते. एका अर्ध्या वाक्याने हा प्रश्न सुटत असेल तर ते लिहावे.

‘सुरुवातीची’ म्हणायचे, ‘डावीकडची’ नाही. मेथडच्या नावातला ‘एल’ डावीकडचा असला तरी उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपीत स्ट्रिंगची सुरुवात पडद्यावर उजवीकडे दिसते. जुन्या मजकुरातही हे बरोबर आहे. सुधारताना बिघडवू नये, एवढेच.

समतुल्य कोड द्यावा का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ‘रिमूव्हप्रिफिक्स’ची नोंद तसेच करते: स्ट्रिंग त्या प्रिफिक्सने सुरू होत असेल तर प्रिफिक्सच्या लांबीपासून पुढचा स्लाइस, नाहीतर मूळ स्ट्रिंगची प्रत. याहून नेमके वर्णन करणे अवघड. ‘एलस्ट्रिप’साठी मात्र लूप लिहावा लागेल, आणि दर फेरीला नवी स्ट्रिंग बनवणारा तो लूप कुणीतरी उचलून स्वतःच्या कोडमध्ये घालणार. इथे वाक्यच बरे.

उदाहरण कसे निवडावे

या प्रकरणात सगळ्यात जास्त फरक पडतो तो उदाहरणाने. कसोटी अशी: चुकीची समजूत असलेल्या माणसालाही ज्या उदाहरणाचे उत्तर बरोबर वर्तवता येते, ते उदाहरण टाकून द्या. ‘नाव: गणेश’ हे तसे उदाहरण आहे. संच मानला तरी ‘गणेश’, प्रिफिक्स मानला तरी ‘गणेश’. वाचणाऱ्याची चूक त्याने उघडी पडत नाही, उलट पक्की होते. ‘नाव: वामन’ दोन समजुतींना वेगवेगळी उत्तरे देते, म्हणून ते कामाचे.

पायथनच्या सध्याच्या पानावर ‘एलस्ट्रिप’ आणि ‘रिमूव्हप्रिफिक्स’ यांना एकच स्ट्रिंग देऊन निकाल शेजारी ठेवलेले उदाहरण आहे. ‘आर्थर: ’ काढताना पुढच्या ‘थ्री’मधली इंग्रजी टी, एच, आर ही अक्षरेही जातात आणि शेवटचे दोन ई व उद्गारचिन्ह एवढेच उरते. निवड उत्तम आहे. सुधारणा एकच करावी: हे उदाहरण सर्वांत वर आणावे. आज त्याच्याआधी वेबसाइटच्या पत्त्याचे जे उदाहरण येते त्यात चार्स म्हणून अक्षरांची सरमिसळ दिली आहे. संचाची कल्पना समजलेल्याला ते उदाहरण छान वाटते. न समजलेल्याला इतकी विचित्र स्ट्रिंग कुणी का देईल हेच कळत नाही, आणि तो आपल्या परिस्थितीशी तिचा संबंध जोडत नाही. माणूस चुकतो तो नेहमीच्या, शहाण्या दिसणाऱ्या आर्ग्युमेंटने.

‘आरस्ट्रिप’साठी फाइलच्या नावाचे उदाहरण द्यावे, कारण तिथली चूक जवळजवळ नेहमी त्याच रूपात होते. ‘सेटअप डॉट पीवाय’ या फाइलच्या नावातून ‘डॉट पीवाय’ काढायला ‘आरस्ट्रिप’ वापरली तर शेवटून वाय जातो, पी जातो, डॉट जातो, आणि मग ‘सेटअप’च्या स्पेलिंगमधला शेवटचा पी पण जातो, उरतात एस, ई, टी, यू ही चार अक्षरे. ज्या फाइलचे नाव टी किंवा एनने संपते तिथे सगळे सुरळीत दिसते, हा या चुकीचा कावा.

देवनागरीत आणखी एक पदर आहे. मेथडच्या दृष्टीने कॅरॅक्टर म्हणजे युनिकोडचा एक कोड पॉइंट; आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे.

'किती'.एलस्ट्रिप('क')  →  'िती'
'काकाजी'.एलस्ट्रिप('का')  →  'जी'

पहिल्या ओळीत क निघून गेला आणि व्यंजनावाचून ऱ्हस्व वेलांटी मागे राहिली. अनेक फाँट तिथे टिंबांचे वर्तुळ काढतात. दुसरीत क आणि काना दोन स्वतंत्र सभासद ठरले, म्हणून दोन्ही ‘का’ गेले. ही माहिती ‘एलस्ट्रिप’च्या नोंदीत नको. स्ट्रिंग म्हणजे कोड पॉइंटची मालिका हे त्याच पानावर स्ट्रिंगच्या प्रकाराच्या परिचयात येते. प्रत्येक मेथडमध्ये ते सांगत बसलो तर पान वाचणे कठीण होईल. भारतीय भाषांवर काम करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक लेखात मात्र ती हवीच.

व्हाइटस्पेसचेही तेच. पायथनच्या स्ट्रिंगसाठी युनिकोडच्या माहितीकोशात ज्याचा सर्वसाधारण वर्ग ‘झेडएस’ आहे किंवा द्विदिश वर्ग डब्ल्यूएस, बी, एस यांपैकी आहे तो कॅरॅक्टर व्हाइटस्पेस. असे २९ कोड पॉइंट आहेत: युनिकोडच्या स्वतःच्या व्हाइटस्पेस यादीतले २५, आणि २८ ते ३१ क्रमांकाचे चार जुने नियंत्रक कॅरॅक्टर. नो-ब्रेक स्पेस त्यात आहे. शून्य रुंदीची स्पेस नाही, आणि देवनागरी मजकुरात कॉपी-पेस्टबरोबर येणारे अदृश्य जोडक व विभाजकही नाहीत. ‘स्ट्रिप’ करूनही दोन सारखी दिसणारी नावे जुळत नाहीत ती बहुधा यांच्यामुळे. बाइट्सच्या ‘स्ट्रिप’मध्ये व्हाइटस्पेस म्हणजे आस्कीतले सहाच बाइट. ही व्याख्या ‘इझस्पेस’च्या नोंदीत आहे, तिथे दुवा द्यावा, मजकूर उचलून आणू नये.

बदल किती ठिकाणी

एका वाक्याची दुरुस्ती म्हणून सुरू केलेले काम पंधरा ठिकाणी पोचते. संदर्भ-पुस्तिकेत स्ट्रिंगच्या तीन नोंदी आणि बाइट्स-बाइटअ‍ॅरे यांच्या एकत्र तीन. सी सोर्समध्ये स्ट्रिंग, बाइट्स आणि बाइटअ‍ॅरे यांच्या प्रत्येकी तीन डॉकस्ट्रिंग. सगळे एकदम बदलायला घेऊ नये. आधी स्ट्रिंगच्या तीन नोंदी घ्याव्यात, त्या स्वीकारल्या गेल्यावर तेच शब्द बाइट्सकडे न्यावेत. नाहीतर एका शब्दावरच्या मतभेदात पंधराही जागा अडकतात.

डॉकस्ट्रिंगच्या बाबतीत बाइट्सचा मजकूर आधीपासूनच सरस आहे: ‘आर्ग्युमेंटमध्ये असलेले सुरुवातीचे बाइट काढा’ अशी त्याची रचना. ‘आर्ग्युमेंटमध्ये असलेले’ हे शब्द सदस्यत्व सांगतात. स्ट्रिंगसाठी तीच रचना घेतली तर नवे काही शोधावे लागत नाही, आणि दोन प्रकारांचे मजकूर जवळ येतात. पेप २५७ च्या संकेताप्रमाणे पहिले वाक्य आज्ञार्थी, एका ओळीत, पूर्णविरामासह. डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरणे नकोत. ‘रिमूव्हप्रिफिक्स’चे नाव मात्र हवे, कारण तिथे दुवा देता येत नाही आणि नाव हाच दुवा.

हे डॉकस्ट्रिंग ‘युनिकोडऑब्जेक्ट डॉट सी’ मध्ये आर्ग्युमेंट क्लिनिक या साधनाच्या इनपुट ठोकळ्यात असतात. त्या ठोकळ्याखालचा आणि ‘क्लिनिक’ उपफोल्डरमधला मजकूर साधनाने निर्माण केलेला असतो आणि त्याला चेकसम जोडलेला असतो. तो हाताने बदलला तर पुढच्या वेळी क्लिनिक चालवताना चेकसम जुळत नाही. बदल इनपुटमध्ये करायचा, ‘मेक क्लिनिक’ चालवायचे, आणि निर्माण झालेल्या फाइलीही त्याच कमिटमध्ये घ्यायच्या.

पुस्तिकेची फाइल सोपी, पण तिथेही ठरलेल्या चुका होतात. मेथडच्या डिरेक्टिव्हखालचा (नोंद सुरू करणाऱ्या खुणेखालचा) मजकूर तीन स्पेस आत असतो. एखादा परिच्छेद चुकून डाव्या कडेला आला तर तो नोंदीच्या बाहेर पडतो, आणि पान मात्र विनातक्रार तयार होऊ शकते. ‘मेथ’ या रोलमध्ये (मेथडचा दुवा बनवणाऱ्या खुणेत) मेथडचे नाव चुकले तर दुवा न बनता नुसता कोडचा टाइप दिसतो. म्हणून ‘डॉक’ फोल्डरमध्ये ‘मेक एचटीएमएल’ चालवून पान ब्राउझरमध्ये उघडून दुवे प्रत्यक्ष दाबून पाहावेत, आणि ‘मेक चेक’ने खुणांच्या चुका तपासाव्यात. दुहेरी अपूर्णविरामानंतरचा कोड डॉकटेस्ट (पुस्तिका तयार करणाऱ्या स्फिंक्स या साधनातली, उदाहरणे चालवून निकाल ताडणारी सोय) चालवत नाही. उदाहरण कायम तपासले जावे असे वाटत असेल तर ते डॉकटेस्ट डिरेक्टिव्हमध्ये घालावे.

ओळी पुन्हा जुळवण्याचा मोह आवरावा. दोन शब्द बदलून सगळा परिच्छेद नव्याने दुमडला तर तपासणाऱ्याला बदल कुठे आहे तेच दिसत नाही. आणि पेप ५४५ नुसार अनेक भाषांत भाषांतरित होणाऱ्या या पुस्तिकेत भाषांतराचे एकक परिच्छेद आहे. परिच्छेदातले एक वाक्य बदलले की प्रत्येक भाषेतले त्याचे भाषांतर ‘पुन्हा पाहा’ या अवस्थेत जाते. अर्थ बदलत नसेल तर केवळ चवीसाठी शब्द बदलू नयेत, याचे हे सगळ्यात ठोस कारण.

मजकूर पाठवण्याआधीची कसोटी

तपासणाऱ्याला ‘हे स्पष्ट आहे का?’ विचारून काही हाती लागत नाही. ज्याला उत्तर माहीत आहे त्याला सगळेच स्पष्ट वाटते. ‘स्ट्रिप’ फारशी न वापरलेल्या कुणाला उदाहरणे झाकून फक्त गद्य द्यावे आणि निकाल लिहायला सांगावे: ‘नाव: वामन’चे काय होईल, ‘नाव: नाना’चे काय, ‘नाव: राव वामन’मधला मधला व राहील का, चार्सची अक्षरे उलट क्रमाने दिली तर काय, रिकामी स्ट्रिंग दिली तर काय. बरोबर उत्तरे ‘मन’, रिकामी स्ट्रिंग, राहील, तोच निकाल, काहीच बदल नाही. जो प्रश्न चुकला त्याला जबाबदार असलेले वाक्य शोधून तेवढेच दुरुस्त करायचे.

कोड बदलताना

नोंद ‘रिमूव्हप्रिफिक्स वापरा’ म्हणते म्हणून नाव तेवढे बदलणारेही असतात, आणि तिथे नवे घोटाळे होतात. जुन्या ‘एलस्ट्रिप’च्या संचात स्पेस होती, त्यामुळे ‘नाव:’ नंतर दोन स्पेस असल्या तरी दोन्ही जायच्या, ओळीच्या आधीची स्पेसही जायची. ‘रिमूव्हप्रिफिक्स’ला ‘नाव: ’ दिले की दुसरी स्पेस मागे राहते. ओळ स्पेसने सुरू होत असेल तर प्रिफिक्स जुळतच नाही आणि पूर्ण ओळ जशीच्या तशी परत येते, एरर न देता. टिकाऊ क्रम असा:

ओळ.स्ट्रिप().रिमूव्हप्रिफिक्स('नाव:').एलस्ट्रिप()

प्रिफिक्स असायलाच हवा अशी अट असेल तर आधी ‘स्टार्ट्सविथ’ने तपासून, नसेल तिथे स्वतः एरर द्यावी. ‘स्टार्ट्सविथ’ अनेक प्रिफिक्सचा टपल (एक प्रकारची यादी) घेते, ‘रिमूव्हप्रिफिक्स’ घेत नाही. टपल दिला तर टाइपएरर येते. शिवाय ती एकदाच काढते: ‘नावनाव’मधून ‘नाव’ काढले तर ‘नाव’ उरते.

जुन्या कोडमधल्या अशा जागा लिंटर (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारे साधन) शोधून देईल या भरवशावर राहू नये. पायलिंट या लिंटरची ई१३१० ही सूचना आर्ग्युमेंटमध्ये एखादा कॅरॅक्टर दोनदा आला तरच उठते. ‘नाव: ’मधले पाचही कॅरॅक्टर वेगळे आहेत, त्यामुळे वामनचा ‘मन’ करणारी ओळ तिच्या नजरेतून सुटते. एकाहून अधिक कॅरॅक्टरचे आर्ग्युमेंट असलेली प्रत्येक ‘स्ट्रिप’, ‘एलस्ट्रिप’ आणि ‘आरस्ट्रिप’ शोधून, लिहिणाऱ्याला संच हवा होता की तुकडा, हे एकेक जागा वाचून ठरवावे लागते.